काविळीची माळ

साक्ष ऐकावी तर मास्तरांची, असं आमच्या ख्रिस्ती मंडळीत म्हणत. रविवारी उपासना संपत आली की पाळकसाहेब विचारायचे, "कोणाला साक्ष द्यायची आहे?" मग ज्यानं त्यानं उठून प्रभूनं आठवडाभरात आपलं काय भलं केलं ते सांगायचं. बाकीचे दोन वाक्यांत आटपत. मी उठलो की बायका पदर हातात घेऊनच बसत. या कौतुकाची मला इतकी चटक लागली होती की शनिवारी संध्याकाळी मी मनातल्या मनात तालीम करायचो. आज हे लिहिताना कान गरम होतात, पण लिहिल्याशिवाय सुटका नाही.

नेरच्या रस्त्यावरच्या मिशनच्या शाळेत मी मास्तर म्हणून लागलो ते आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला त्या साली. वडील दुष्काळातलं अनाथ पोर, मिशननंच वाढवलेले, म्हणजे मी जन्मानंच ख्रिस्ती. त्यात पवित्र शास्त्राच्या परीक्षेत पहिला आलेला. पाय जमिनीवर कशाला राहतात! पाळकसाहेब म्हातारे, दम्यानं बेजार. त्यांनी बाप्तिस्म्याचा वर्ग माझ्यावर सोपवला. ज्याला बाप्तिस्मा हवा त्यानं तीन महिने यायचं, आज्ञा आणि प्रार्थना पाठ करायच्या, आणि कोण तयार झालं ते मी सांगायचं.

त्या वर्गात तांड्यावरची एक बंजारा बाई यायची. चाळिशीच्या आतबाहेरची असेल. बाजारात जळतण विकायला आली असताना आमच्या लोकांनी टांगलेलं एक चित्र तिनं पाहिलं होतं. येशू शिष्यांचे पाय धुतो आहे, असं. "हा कोन्ता देव म्हनावं, मानसाचे पाय धुते?" असं विचारत ती थेट आमच्या प्रार्थनेच्या देवळाच्या दारात आली, आणि मग येतच राहिली. चार मैल चालत यायची. नवरा सोबत असायचा, पण आत पाऊल टाकत नसे. बाहेर लिंबाखाली बिडी ओढत बसायचा. "देव तिचा हाय," तो म्हणायचा, "मी तं सोबतीले येतो."

पाठांतरात बाई ढ. दहा आज्ञांतल्या सहाच्या पुढे गाडी सरकत नसे. एकदा मी विचारलं, "विश्वास म्हणजे काय?" पुस्तकातलं उत्तर मी चार वेळा घोकून घेतलं होतं. ती म्हणाली, "मी लाकडं आनाले रानात जातो तवा लेकरू याडीपाशी ठेवतो. मंग मांगं वळून नाही पाहात." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. वर्गातले दोघे-तिघे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "हे उत्तर नाही. पुन्हा पाठ कर."

पाठांतराचं एक वेळ मी चालवूनही घेतलं असतं. पण तिच्या दंडावर चुडा होता. कोपरापासून खांद्यापर्यंत चढत गेलेल्या पांढऱ्या, जाड, हाडाच्या बांगड्या. आमच्या मंडळीत दागिन्यांना मज्जाव. माझ्या बायकोनं लग्नातली अंगठीसुद्धा पेटीत ठेवली होती. मी बाईला सांगितलं, हे उतरव, मग बाप्तिस्मा.

ती म्हणाली, "मास्तर, हा दागिना नाही. मालक जिता हाय तोवर आमी हा घालतो. मालक गेल्यावरच उतरते. जित्या मानसाचा कसा काढू?"

म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. तिनं स्पष्ट सांगितलं होतं. मी उलट तिलाच धारेवर धरलं. "बांगडीवर नवऱ्याचा जीव आहे, हा तुझा विश्वास. मग प्रभूवर कुठला विश्वास? एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत." त्या वर्षी बाप्तिस्मा झालेल्यांत ती नव्हती. पुढच्या वर्षीही नव्हती. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि प्याला तिच्यापुढून जायचा, आणि ती हात मांडीवर ठेवून बसून राहायची. पण येणं तिनं सोडलं नाही. मला वाटायचं, बघा, मी किती खरा शिक्षक.

मग माझ्या मुलीला कावीळ झाली. चार वर्षांची. डोळे हळदीसारखे, पोटात घोटभर पाणी ठरेना. दवाखान्याचं औषध चालू होतं, मंडळी रोज येऊन प्रार्थना करायची, आणि सर्वांत लांब प्रार्थना माझी असायची. आठव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "बघू." त्या एका शब्दानं माझं सगळं शास्त्र गळून पडलं. दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली, पोरीला खांद्यावर घेतलं आणि मोटारीनं कळंबच्या पलीकडच्या एका खेड्यात काविळीची माळ घालणाऱ्या माणसाकडे गेलो. कुणी ओळखेल म्हणून टोपी डोळ्यांवर ओढली होती. त्यानं मुळ्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात ओवले, तोंडानं पुटपुटला, आणि शेंदूर फासलेल्या दगडासमोर मला नारळ फोडायला लावला. मी फोडला. कुरकुरलोसुद्धा नाही. माळ गळ्यात घातली तेव्हा गळ्यालगत होती. कावीळ उतरते तशी ती लांबत जाते, असं म्हणतात. आणि ती खरंच लांबत गेली. गाठी सैल होऊन लांबत असेल, मला काय ठाऊक. मी ती झग्याच्या आत सारून ठेवायचो आणि रोज सकाळी दार लावून बोटांनी मोजायचो.

त्या दिवसांत तांड्यावरची बाईही आली होती. शेळीचं दूध घेऊन. पोरीला मांडीवर घेऊन बराच वेळ बसली, पाठीवरून हात फिरवत राहिली. बायको चुलीपाशी होती, मी दारात उभा. बाईनं काही विचारलं नाही.

पोरगी उठली. औषधानं, प्रार्थनेनं की माळेनं, ते देव जाणे. पुढच्या रविवारी मी साक्षीला उभा राहिलो. काय बोललो ते शब्दन् शब्द आठवतं, आठवू नये म्हणून पुष्कळ खटपट केली आहे. "डॉक्टरांनी हात टेकले," मी म्हणालो, "पण मी दुसऱ्या कुठल्याही दाराशी गेलो नाही. फक्त प्रभूच्या दाराशी गेलो." मंडळी रडली. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. मला तर बोलता बोलता ते खरंच वाटायला लागलं होतं.

त्याच्या पुढच्या रविवारी बाई आली ती उघड्या दंडांनी. सगळा हात उन्हानं रापलेला, आणि दंडावर मात्र फिकट, कोवळी कातडी. "काढला," एवढंच म्हणाली. माझी साक्ष ऐकून हिला धीर आला, हे मला तिथल्या तिथे कळलं. निदान तसं वाटलं. तेव्हाच तिला बाजूला घेऊन खरं सांगायला हवं होतं. मी वहीत तिचं नाव लिहिलं.

पाळकसाहेबांच्या नजरेतून ते दंड सुटले नाहीत. बाप्तिस्म्याच्या दिवशी नाल्यात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून त्यांनी मला विचारलं, "हिला चुडा काढायला कोणी सांगितलं?" पाण्यातून निघणाऱ्यांना पांघरायची चादर मी हातात सारखी करत म्हणालो, "तिनं स्वतःच काढला." ते माझ्याकडे पाहत राहिले, मग तिचा बाप्तिस्मा केला. काठावर तिचा नवरा बिडी विझवून उभा होता.

तांड्यानं त्याचा सूड घेतला. जित्या नवऱ्याला हिनं मारलं, असं म्हणून बायका तिच्या दारापुढे रडून गेल्या. मेल्यावर रडतात तसं. दिरानं जाणं-येणं तोडलं. पंगतीत नवऱ्याचं पान वाढेनात. हे सगळं माझ्या कानावर यायचं आणि मी फळ्यावर पाढे लिहीत राहायचो. रविवारी साक्ष मात्र मी सोडून दिली. लोकांना वाटलं, मास्तर नम्र झाले.

पाच वर्षं मी तोंड शिवून बसलो. मग माझी बदली झाली आणि गाव सोडायच्या आदल्या दिवशी मी तांड्यावर गेलो. नवरा अंगणात बाजेवर बसला होता. मला पाहून हसला. "या मास्तर, मेलेल्या मानसाच्या घरी या!" बाई चहा ठेवायला उठली, तिला मी बसवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. कळंबची वाट, दगड, नारळ, माळ, खोटी साक्ष. म्हणालो, "बाई, तू माझ्या भरवशावर चुडा काढलास. माझ्यामुळे तुमचं हे झालं."

ती नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "तुमच्या भरोशावर कायले काढीन? यायले इचारून काढला."

नवरा म्हणाला, "दोन वरसं ते भाकरीपासून दूर बसून राह्यली, मी दारातून पाहात होतो. मी म्हनलं, तुया देवावर तुले भरोसा हाय ना? मंग काढ. मी नाही मरत."

"अन् माळ मले दिसली होती," बाई म्हणाली. "पोरगी मांडीवर घेतली तवाच हाताले लागली."

म्हणजे त्या रविवारी, मी दोन्ही हात वर करून बोलत होतो तेव्हा, ती खाली चटईवर बसून सगळं जाणत होती. मला मान वर करवेना. कसंबसं विचारलं, "मग तेव्हाच बोलली का नाहीस? मंडळीत सांगायचं होतंस."

"कायले? लेकरू बिमार, बाप भेला होता. भेल्या मानसाले का बोलाव?" चुलीवर चहाचं आधण ठेवून ती पदरानं भांडं पुसत होती. "घरी येऊन तुमच्यासाठी मांगलं. म्हनलं, बापा, मास्तरले बी भरोसा दे."

तिनं चहा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "अजून मांगूनच राह्यली."