मनवाचा डावा हात

समजा, तुमच्यासमोर एक पसरट ताटली आहे. ताटलीत लाल रंग कालवलेलं पाणी आणि मधोमध उभी केलेली छोटी मेणबत्ती. ती पेटवा आणि तिच्यावर काचेचा ग्लास उपडा घाला. आता बोलू नका, नुसतं बघा. ज्योत विझेल, पाणी ग्लासात चढेल. यातलं आधी काय झालं, एवढंच तुम्हाला सांगायचं आहे.

लालबागच्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या दर्शनाला त्या दिवशी हे सांगता आलं नसतं. तिने ताटलीकडे बघितलंच नव्हतं. ती पाहुण्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होती.

दर्शना घोडपदेवच्या चाळीत वाढली. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वॉचमन झाले. घरात बी.एस्सी. झालेली ती पहिलीच. तिच्या स्वतःच्या शाळेत प्रयोगाचं सामान कपाटात कुलूपबंद असायचं आणि बाई काचेबाहेरूनच बोट दाखवून परीक्षानळी शिकवायच्या. आपण बाई झालो की पोरांना सगळं हाताळू द्यायचं, हे तिने तेव्हाच ठरवलं होतं. आणि ते तिने केलंही. तिची पोरं लिंबात तारा खुपसून छोटा दिवा लावायची, शाळेच्या टॅबवर मुंग्यांचे व्हिडिओ काढून डिजिटल फळ्यावर हळू चालवून बघायची. "आधी बघा, मग बोला" हे तिचं वाक्य मधल्या सुट्टीत वर्गातला हेरंब तिच्याच आवाजात म्हणून दाखवायचा.

मग संस्थेचे पाहुणे तिचा तास बघायला येणार असं ठरलं. मुख्याध्यापिका शैलाबाईंनी तालीम घ्यायला सांगितली. शाळेची जुनी रीत होती: पाहुणे असले की प्रत्येक प्रश्नाला सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. वर्ग हुशार दिसतो आणि बाई फक्त उजव्या हातांना विचारतात. दर्शनाला ही रीत कधीच पटली नव्हती. तरी तिने ती शिकवली. वर उत्तरही घोकून घेतलं: मेणबत्ती ऑक्सिजन संपवते, त्याची रिकामी जागा पाणी भरून काढतं. ती स्वतः लहानपणी हेच शिकली होती.

तासाच्या दिवशी सगळं ठरल्यासारखं चाललं. पाणी का चढलं, असं तिने विचारलं आणि हातांचं रान उभं राहिलं. त्यात मनवाचा हात डावा होता. दर्शनाने तो बघून सोडून दिला. पण पाहुण्यांतल्या एका बाईंना रीत कुठे माहीत? त्यांनी कौतुकाने मनवालाच उठवलं.

"मला उत्तर नाही येत," मनवा म्हणाली. "पण पाणी ज्योत विझल्यावर चढलं. जळत होती तेव्हा चढलंच नाही. मग ऑक्सिजन संपत होता तेव्हा काय झालं?"

दर्शनाने पटकन पाहुण्यांकडे बघितलं. "मनवा, तू नीट बघितलं नाहीस. बस खाली."

"चष्मा लाव गं," मागून हेरंब म्हणाला. वर्ग हसला. पाहुणे हसले. आणि दर्शनाही हसली.

तासाला पोरांनी टॅबवर काढलेला प्रयोगाचा व्हिडिओ संध्याकाळी घरी ती शैलाबाईंना पाठवायला बसली. सहज हळू करून बघितला. सुरुवातीला ग्लासाच्या कडेखालून बुडबुडे बाहेर पडत होते. मग ज्योत विझली. आणि मग पाणी सरसर वर चढलं. तिने ताटली मांडून स्वतः करून बघितलं, पुन्हा बघितलं. प्रत्येक वेळी तसंच. आत तापलेली हवा आधीच थोडी बाहेर गेलेली, उरलेली गार होऊन आक्रसते, म्हणून पाणी चढतं. मुलीने अचूक बघितलं होतं.

"काय गो, आगपेटी संपवतलंस काय?" आई म्हणाली. दर्शनाला आईकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी तिने व्हिडिओ फळ्यावर लावला आणि सांगून टाकलं, "काल मी चुकले. मनवा बरोबर होती. आता नीट बघा, आधी काय होतं?"

सगळ्यांनी हात वर केले. सगळे उजवे. मनवाचाही.

"सांग, मनवा."

"ऑक्सिजन संपतो, त्याची जागा पाणी घेतं."

"अगं, पण काल तू वेगळं म्हणालीस ना?"

"काल मी नीट बघितलं नव्हतं, बाई."

हेरंबने विचारलं, "बाई, परत पाहुणे येणारेत का?" त्यात थट्टा नव्हती. त्याला खरंच वाटत होतं की ही पुढची तालीम आहे.

पाहुणे येणार नाहीत, हात खाली घ्या, असं दर्शना म्हणाली. मग तिने ताटली उचलून मनवाच्या बाकावर ठेवली, आगपेटी तिच्या हातात दिली. मनवाने मेणबत्ती पेटवली, ग्लास घातला. ज्योत विझेपर्यंत ती ताटलीकडे कमी आणि बाईंच्या तोंडाकडे जास्त बघत होती.

"काय दिसायला पाहिजे, बाई?" तिने हळूच विचारलं.

"तुला दिसेल ते."

मनवाने मान हलवली. घंटा झाली, तिने ताटली पुसून जागेवर ठेवली आणि मैत्रिणींबरोबर निघून गेली.

दर्शना रिकाम्या वर्गात उभी राहिली. काल सगळे हसत असताना खाली बसलेल्या त्या मुलीला तेव्हा नेमकं काय वाटलं असेल? आपल्याला दिसलं ते खोटं, की बाई खोट्या?