झाकणावरची सही

फुजैराच्या तेलटाक्यांपासून कंपनीचा कॅम्प बसने दहा मिनिटांवर. त्या कॅम्पातल्या नऊ नंबरच्या खोलीत खाटा चार होत्या आणि माणूस एक. चंद्रहास मयेकर, पाइप फिटर आणि वेल्डर, वय अठ्ठेचाळीस. नव्या टाक्यांचं काम संपलं तेव्हा बाकीच्या तिघांना कंपनीने दुबईजवळच्या जबल अलीला हलवलं. मेंटेनन्सला भरवशाचा माणूस हवा म्हणून चंद्रहासला मागे ठेवलं. तिघांच्या गाद्या त्याने उभ्या करून भिंतीला लावल्या. आडव्या असल्या की कोणीतरी येणार आहे असं उगाच वाटत राहायचं.

साडेपाचला बस त्याला कॅम्पच्या फाटकात सोडायची. आंघोळ, भात, आमटी, दही. सातला सगळं आटपलेलं असे. वेंगुर्ल्याला बायकोला, छायाला, एका शुक्रवाराआड फोन. बाकीच्या संध्याकाळी तशाच जायच्या.

एकच माणूस असा होता ज्याच्याशी बसून चार शब्द बोलावेत. उपेंद्र गावंड. मुंबईच्या गोदीत दोघे बरोबर फिटर म्हणून लागले. पुढे उपेंद्रने परीक्षा दिल्या, वेल्डिंग इन्स्पेक्टर झाला. वीस वर्षं, आधी गोदीत आणि मग इथं, चंद्रहासने सांधे जोडले आणि उपेंद्रने ते तपासले. एकही नापास झाला नाही. तीन वर्षांपूर्वी उपेंद्र जबल अलीला गेला. फोनवर दर वेळी म्हणायचा, "पुढच्या शुक्रवारी येतो रे." तीन वर्षांत किती शुक्रवार झाले ते चंद्रहासने मोजलं नाही. मोजून काही होत नव्हतं.

सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात टर्मिनलवरचा स्कॉटिश साहेब कायमचा मायदेशी निघाला. त्याच्या बंगल्यातले नळ चंद्रहासने बसवले होते. साहेबाने त्याला बोलावून गॅरेज उघडून दाखवलं. झाकणाचं एक पांढरं प्लास्टिकचं पिंप. झाकणावर बसवायची, पोटात पाणी राहील अशी वाकडी नळी. बिअर कितपत झाली ते सांगणारा काचेचा एक लांब मापक. बाटल्यांना टोपणं ठोकायचं यंत्र, रिकाम्या बाटल्यांची खोकी आणि घट्ट माल्टचे दोन डबे. साहेब घरी बिअर करायचा.

"तू काळजीपूर्वक काम करणारा आहेस," साहेब इंग्रजीत म्हणाला. "ह्याला तसाच माणूस लागतो."

बरोबर हाताने लिहिलेला कागद दिला. नऊ पायऱ्या होत्या, शेवटच्या ओळीखाली दोन रेघा. चंद्रहासला जेमतेम इंग्रजी येत होतं. पण कागद त्याने तीन वेळा वाचला.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, सुट्टीचा. कॅम्पचं स्वयंपाकघर सकाळी रिकामं असतं. चंद्रहासने पिंप तीनदा घासलं, उकळत्या पाण्याने विसळलं, उजेडात धरून पाहिलं. पातेल्यात पाणी उकळलं. माल्ट काकवीसारखं होतं, डब्याच्या कडेला चिकटलेला शेवटचा थेंबही त्याने गरम पाण्याने सोडवला. किलोभर साखर घातली. तेवीस लिटरच्या रेघेपर्यंत पाणी भरलं. रेघेवर म्हणजे रेघेवर. खोलीत नेऊन एसीखाली निववलं, यीस्ट भुरभुरलं, झाकण लावलं, नळीत पाणी भरलं. मग दार बंद करून बकाल्याकडे गेला. त्या कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर कार्डाचा फोन होता.

"उपेंद्र, बिअर लावलीय."

"काय लावलीय?"

"बिअर. खोलीत. माझ्या हाताची. तेवीस लिटर."

पलीकडून आधी खोकला आला, मग हसणं. "चंद्या, तू? अरे, तू सोड्याच्या बाटलीचं टोपणही पान्याने काढतोस!"

"तीन आठवड्यांनी तयार होईल. एकवीस नोव्हेंबर, शुक्रवार."

"मग येतोच. बिअर असेल तर वाटेतला मसाफीचा डोंगर चालत ओलांडीन. पण बोंबलू नको कुठे. परवान्याशिवाय घरात बिअर केली म्हणून दोघांना घरी धाडतील."

चंद्रहास परत चालत आला. तीन वर्षांत आपल्यासाठी आला नाही तो बिअरसाठी येणार होता. त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. माणूस आला म्हणजे झालं.

दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन त्याने दार उघडलं आणि आवाज आला. टुप्. थोड्या वेळाने पुन्हा, टुप्. वाकड्या नळीतून बुडबुडा बाहेर पडत होता. तिघे गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत त्या खोलीत त्याच्याशिवाय कोणी केलेला तो पहिला आवाज. तो खाटेवर बसला आणि बूट न काढता ऐकत राहिला. जेवताना त्याने ताट पिंपाच्या बाजूला ओढून घेतलं.

चौथ्या दिवशी वॉचमन हमदुल्लाने खिडकीशी विचारलं, "चंदरभाई, मेहमान आया है क्या? बातें सुनाई देती हैं."

"रेडियो है, हमदुल्ला."

"रेडियो से पूछते हो, खाना खाया क्या?"

चंद्रहासने खिडकी लावून घेतली.

झाकण त्याने तिसऱ्या दिवशीच उघडलं होतं. मापक बुडवून रीडिंग घ्यायचं होतं, आणि रीडिंग घेतल्याशिवाय काम चाललंय असं तो मानत नसे. वर फेसाचा जाड थर आला होता, त्यावर तपकिरी-काळी साय. त्याला ती बघवेना. वेल्डिंगचा एक थर झाला की वर मळी जमते. ती छिन्नीने उडवायची, ब्रशने घासायची, मगच दुसरा थर. मळी ठेवून पुढे जाणारा वेल्डर चोर असतो. खिळ्याला अडकवलेला डाव त्याने काढला, धुतला, स्वच्छ फडक्याने पुसला आणि ती साय निपटून काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. त्याने पुन्हा काढली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. वहीत तारीख, वेळ, रीडिंग. झाकण उघडलं की पिठासारखा, फळासारखा वास यायचा आणि अर्धा तास बरा जायचा.

दहाव्या दिवशी बुडबुडे थांबले. त्याने बाटल्या भरल्या. एकोणचाळीस. प्रत्येकीत मोजून साखर, यंत्राखाली टोपण, मग बाटली उलटी धरून तपासणी. एकही गळली नाही. सोमवारी, सतरा तारखेला, त्याने भिंतीची एक गादी आडवी केली, खाटेवर टाकली, धुतलेली चादर घातली. उपेंद्र रात्रीचा राहिलाच तर.

मंगळवारी एक बाटली उघडून पाहिली. पाहुण्याला देण्याआधी बघायला हवं. फेस चांगला आला. रंग चांगला होता. घोट घेतला आणि तो तसाच उभा राहिला. आंबट. बिअरचा कडूपणा नव्हे, ताकाचा आंबटपणा. दुसऱ्या खोक्यातली एक उघडली, मग तिसऱ्यातली. तिन्ही तशाच. तीनपैकी तीन गेले की सगळा लॉट नापास, हा नियम त्याला माहीत होता.

तो बकाल्याकडे गेला.

"उपेंद्र, येऊ नको. माल बिघडला."

"किती बिघडला?"

"नापास."

"अरेरे. खरं सांगू? शुक्रवारी इथं काम निघालंच होतं. तुला कसं सांगू म्हणून अडून बसलो होतो. रमजान-ईद होऊ दे, मग बघू."

"बघू."

फोनच्या कार्डावर अजून मिनिटं शिल्लक होती. चंद्रहासने कार्ड काढून खिशात घातलं. खोलीत येऊन चादरीची घडी केली आणि गादी उचलून पुन्हा भिंतीला उभी केली.

एकवीस तारखेचा शुक्रवार त्याने पिंप घासण्यात घालवला. ते आधीच स्वच्छ होतं. नळीतलं पाणी वाळून गेलं होतं. दुपारी दोनला करायला काही उरलं नाही. छायाला फोन लावला.

"आवाज असा का येतोय तुमचा?"

"सर्दी झालीय."

"सुंठ घ्या."

"घेतो."

बाटल्या ओतून द्यायच्या होत्या. रोज संध्याकाळी तो खोकं उघडायचा आणि बंद करायचा. ओतल्या असत्या तर सांगायलाही काही उरलं नसतं. पुढल्या गुरुवारी कामावर तो दिवसभरात एकूण सहा वाक्यं बोलला. बसमध्ये बसल्यावर त्याने ती आठवून पाहिली. सहाही पाण्याच्या दाबाबद्दल होती. बस फाटकात थांबली तेव्हा तो खोलीकडे न वळता सरळ बकाल्याकडे गेला.

"उपेंद्र, मी बोलतोय."

"बोल रे."

"त्या बाटल्या अजून आहेत. छत्तीस."

"मग ओतून टाक की."

"नको. तू ये आणि पिऊन बघ."

"नापास म्हणालास ना?"

"नापासच आहे. तरी ये."

पलीकडे क्रेनचा भोंगा वाजला. वीस वर्षांत चंद्रहासने त्याला बिघडलेला सांधा दाखवला नव्हता. एखादा मनासारखा जमला नाही तर इन्स्पेक्टर यायच्या आत स्वतःच कापून भंगाराच्या पिंपात टाकायचा आणि जेवणाची सुट्टी मोडून नवा करायचा. उपेंद्रला ते भंगाराचं पिंप माहीत होतं.

"चंद्या, तब्येत ठीक आहे ना?"

"आहे."

"घरी?"

"बरे आहेत सगळे."

"उद्या सकाळी निघतो."

"तुझं काम?"

"काम गेलं खड्ड्यात."

रात्री चंद्रहासने एक गादी पुन्हा आडवी करून चादर घातली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास फाटकाशी टॅक्सी थांबली. उपेंद्र जाड झाला होता, चष्मा लागला होता. भिंतीला उभ्या दोन गाद्यांकडे त्याने एकदा पाहिलं आणि खाटेवर बसला. चंद्रहासने स्टीलच्या पेल्यात बिअर ओतली आणि हात मागे बांधून उभा राहिला. सांधा तपासला जाताना तो असाच उभा राहायचा.

उपेंद्रने घोट घेतला. त्याचा एक डोळा मिटला. "मयेकर, ह्याला जिऱ्याची फोडणी दे. मठ्ठा झालाय हा!"

"सांगितलं होतं मी."

"सांगितलंस, पण इतका चांगला मठ्ठा म्हणाला नव्हतास. आण ती वही."

वही वाचता वाचता उपेंद्रची बोटं थांबली. "रोज झाकण उघडलंस?"

"रीडिंग घ्यायला."

"दोनदा?"

"संध्याकाळी रीडिंग. मळी मात्र दोन्ही वेळा काढली."

"कसली मळी?"

"वर यायची ती. काळी."

उपेंद्र खोकला येईपर्यंत हसला. "बिअरची मळी काढली! हातोडी नाही ना मारलीस? कशाने काढलीस?"

चंद्रहासने खिळ्याकडे बोट केलं. उपेंद्र उठला, डाव काढला, नाकाशी नेला. "आणि दही कशाने हलवतोस?"

"त्यानेच. पण धुतला होता."

"लिही. दोष सापडला." मग साहेबाचा कागद हातात घेऊन त्याने शेवटची ओळ मोठ्याने वाचली आणि मराठीत सांगितली. "झाकण उघडू नका. त्याचं त्याला करू द्या. खाली दोन रेघा आहेत, चंद्या. वाचलं नव्हतंस?"

"वाचलं होतं."

"मग?"

"संध्याकाळी दुसरं काय करणार?"

उपेंद्रने कागद घडी करून ठेवला. पेला उचलला, उरलेली आंबट बिअर पिऊन टाकली आणि रिकामा पेला पुढे केला. "ओत अजून."

दुपारी तो म्हणाला, "साहेबाने दोन डबे दिले होते ना?"

दोघांनी मिळून दुसरा डबा लावला. डाव उपेंद्रने स्वतः दाराबाहेर नेऊन ठेवला. घासणं, उकळणं, निववणं, सगळं पहिल्यासारखंच. फरक इतकाच की पातेलं धरायला दोन माणसं होती. झाकण बसल्यावर उपेंद्रने चंद्रहासच्या पेटीतली पांढरी टेप घेतली, झाकण आणि पिंप यांच्या कडेवर चारी बाजूंनी चिकटवली आणि खिशातल्या मार्करने टेपवर आडवी सही केली. तीच सही, जी वीस वर्षं पास झालेल्या सांध्यांवर असायची. खाली तारीख घातली. बारा डिसेंबर.

"बारा तारखेला मी येऊन हे तोडणार. त्याआधी तुटलेलं दिसलं तर नापास. मळी येवो नाहीतर साप निघो."

"नाही तोडणार."

"संध्याकाळी समुद्रावर जा. फेऱ्या मार. तिथं तुझं काही बिघडत नाही."

चारला टॅक्सी गेली. आडवी केलेली गादी वापरली गेलीच नाही, पण चंद्रहासने ती तशीच ठेवली.

दुसऱ्या संध्याकाळी टुप् सुरू झालं. तो ऐकत बसला. हात दोनदा झाकणाकडे गेला, टेपवरच्या सहीपाशी थांबला आणि मागे आला. मग त्याने दाराला कुलूप लावलं आणि समुद्रावर गेला. अंधार पडेपर्यंत चालला. रोज गेला. तिथे कोणी ओळखीचं भेटलं नाही. माणसं जाळी ओढायची, तो बघायचा. परत आला की आधी टेप बघायचा.

अकरा दिवसांनी आवाज थांबला. खोली पहिल्यासारखी झाली.

बारा तारखेला सकाळी त्याने चादर बदलली आणि फाटकाशी जाऊन उभा राहिला. साडेदहाला हमदुल्ला केबिनमधून बाहेर आला. "चंदरभाई, तुम्हारे इन्स्पेक्टर का फोन था. बोला, आज ड्यूटी लग गई, अगले जुम्मे को आएगा. पक्का. बोला, सील मत तोड़ना."

"और कुछ?"

"बोला, मठ्ठा बचा हो तो रखना. ये मठ्ठा क्या होता है?"

"लस्सी."

चंद्रहास खोलीत आला. पिंप गप्प होतं. आत काम पूर्ण झालं होतं, तपासणी तेवढी बाकी होती. खाली वाकून त्याने टेप चारी बाजूंनी पाहिली. शाबूत होती. वही काढून लिहिलं, बारा डिसेंबर, रीडिंग घेतलं नाही. मग नवी चादर काढून घडी करून ठेवली, कारण आठवडाभरात तिच्यावर धूळ बसली असती.

गादी मात्र त्याने उभी केली नाही.