पाथरी लाइनीवरचे दोन साडू आणि एक कॅमेरा

आरशात माझा साडू दिसत होता. माझ्याच जीपच्या आरशात. आणि माझ्या शेजारी बसलेला डायरेक्टर हातातल्या छोट्या टीव्हीकडं बघून म्हणत होता, "वा! काय चेहरा आहे!"

तो चेहरा मी माझ्या लग्नापासून बघतोय. त्यात वा म्हणण्यासारखं मला आजवर काही सापडलेलं नाही.

मी परभणी-पाथरी लाइनीवर काळी-पिवळी जीप चालवतो. माझा साडू ज्ञानोबाही तेच करतो. माझी मंगल आणि त्याची शोभा सख्ख्या बहिणी, माहेर पिंगळीचं. म्हणजे आठवडाभर स्टँडवर कुणाची गाडी आधी भरायची यावरून भांडायचं आणि सणाला सासऱ्यांकडं शेजारी शेजारी जेवायला बसायचं.

त्यात पुण्याहून सिनेमावाले आले. टॅक्सीवाले आणि त्यांच्या सवाऱ्या, अशा वेगवेगळ्या गावच्या गोष्टी एकाच सिनेमात होत्या. त्यातली एक आमच्या लाइनीची. एक आजी अख्खी गाडी एकटीसाठी करते आणि पाथरीपर्यंत ड्रायव्हरला "हळू, हळू" म्हणत राहते. ड्रायव्हर मात्र खराखुरा हवा होता.

मी केस काळे केले. लग्नातली सफारी काढली. डायरेक्टर म्हणाला, "काका, छान. पण तुम्ही ॲक्टिंग करताय."

मला ती स्तुतीच वाटली. ज्ञानोबा तेव्हा पलीकडं एका म्हाताऱ्याशी बकरी सीटवर बसवायची की टपावर, यावर भांडत होता. डायरेक्टरनं तिकडं बोट केलं. "हाच!"

मला कॅमेरा-गाडी मिळाली. कॅमेरा-गाडी म्हणजे शूटिंगच्या गाडीच्या पुढं पळणारी गाडी. मागचं दार काढून टाकतात, कॅमेरामन स्वतःला पट्ट्यानं बांधून घेतो आणि मागच्या गाडीकडं तोंड करून शूटिंग करतो. पुढच्यानं एका चालीनं जायचं, मागच्यानं तेवढंच अंतर ठेवून यायचं. एवढंच काम.

घरी सांगितल्यावर मंगल म्हणाली, "म्हंजे शोभीचे मालक सिनेमात, आन तुमी?"

"मी पुढं असतो. माझ्याशिवाय सिनेमाच निघत न्हाई."

"पण दिसायलात का?"

"न्हाई."

"मंग बाबांनी बरोबरच केलं. शोभीला फोन करून ज्ञानोबाची दृष्ट काढायला लावलीय."

माझी दृष्ट कुणी काढली नाही. तशी गरजही नव्हती.

शेवटच्या दिवशी मुख्य शॉट होता, मानवतच्या अलीकडं, उन्हं उतरताना. आजीचं काम करणाऱ्या बाईंना सगळे माई म्हणत. त्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत जाणार होत्या. डायरेक्टरनं बजावलं, "आज शॉट नाही मिळाला तर पाथरीची गोष्ट सिनेमातून कट."

ॲक्शन झाली. मी पुढं, ज्ञानोबा मागं. फाट्यावर एक कुटुंब गाठोडी घेऊन उभं होतं. त्यांनी हात केला. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. आमच्या लाइनीवर जो पुढं पोचतो, सवाऱ्या त्याच्या. हे ज्ञानोबालाही माहीत होतं. तो हॉर्न वाजवत उजवीकडून निघाला. मी साइड दिली नाही. का देईन? दोन्ही गाड्या शेजारी शेजारी पळाल्या. मधे माईंचा आवाज आला, "अरे, हे स्क्रिप्टमध्ये नाहीये!"

ज्ञानोबा पुढं गेला. कॅमेऱ्यात नुसता रस्ता राहिला. आम्ही पोचलो तेव्हा त्यानं ते अख्खं कुटुंब माईंच्या शेजारी कोंबलेलं होतं, आणि एक गाठोडं माईंच्या मांडीवर.

डायरेक्टर लालबुंद. "गाडी रिकामी पाहिजे! गोष्टच ती आहे!"

"सायब, सवाऱ्या हात करायलेत आन रिकामी गाडी न्यायची? गोष्टच चुकीची हाय तुमची."

सवाऱ्या उतरवल्या. परत मागं येऊन सुरुवात केली. फाट्यावर आता दुसरंच कुणी उभं होतं. ज्ञानोबा पुन्हा निघून गेला.

डायरेक्टरनं सूर्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "काका, तुम्ही कराल ड्रायव्हर?"

मी घाईघाईनं हो म्हणालो नाही. घसा आधी साफ केला. मग म्हणालो.

ज्ञानोबाचा खाकी शर्ट मला पोटावर बसेना. माईंनी सेफ्टी पिन दिली. ज्ञानोबा माझ्या जीपच्या स्टेअरिंगवर बसला. जाताना म्हणाला, "दाजी, हळू हं."

"मला शिकवू नको."

खरं सांगतो, मी हळूच चालवत होतो. अंतर बरोबर, चाल बरोबर. माई म्हणाल्या, "छान चालवताय." फाट्यावरचे लोक हात करत होते, मी बघितलंसुद्धा नाही. मनात पिंगळीच्या घरातला टीव्ही आणि त्यावर माझा चेहरा. तेवढ्यात ज्ञानोबानं माझ्याच आरशातून माझ्याकडं बघितलं आणि हसला.

ॲक्सिलरेटरवर पाय कधी पडला ते कळलं नाही. त्याच्या बरोबरीला आलो, पुढं गेलो, आणि पुढं गेल्यावर जे समाधान वाटलं ते मानवत येईपर्यंत टिकलं.

माई डोक्यावरचा पदर सावरत खाली उतरल्या. "हासुद्धा तसलाच!"

मागून आलेला डायरेक्टर रस्त्याच्या कडेला दगडावर बसला. ऊन आता नुसतं बाभळीच्या शेंड्यांवर होतं. माईंनी माझ्याकडं हात पुढं केला. "चावी द्या."

"तुमाला येती का जीप?"

"तुमच्यापेक्षा हळू येते." मग डायरेक्टरला म्हणाल्या, "आणि या दोघांना मागच्या सीटवर घाला, म्हणजे रस्ता मोकळा राहील."

डायरेक्टरनं डोकं वर केलं. भांडणाऱ्या ड्रायव्हरांना कंटाळून आजीच स्टेअरिंग घेते, अशी गोष्ट त्याला दगडावरच सुचली. माझी जीप युनिटच्या पुण्याच्या ड्रायव्हरनं चालवली. तो माणूस कुणाच्याही पुढं जात नव्हता. माई एका हातानं गिअर टाकत, पाथरीकडं तोंड करून, निवांत निघाल्या. मागं आम्ही दोघं.

"सरक की, कॅमेऱ्यात यायलो न्हाई मी."

"दाजी, तुमचं पोट सरकवा आधी."

शॉट पहिल्याच वेळी ओके झाला.

सिनेमा टीव्हीवर आला तेव्हा सगळे पिंगळीत जमलो. बहिणी बहिणी आपापल्या नवऱ्याचा चेहरा शोधत होत्या. मंगल म्हणाली, "ते बघा, तुमचा कान." शोभा म्हणाली, "कान न्हाई, ह्यांचा खांदा हाय तो." सासऱ्यांनी सिनेमा शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाले, "ती बाई कोण हो? काय गाडी चालवती! एकदा घरी जेवायला आना तिला."

ज्ञानोबानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही दोघं एकाच बाजूला होतो: दोघंही माईंवर जळत होतो.

साडूवर जळू नये, असं मी म्हणत नाही. पण जळताना एवढं लक्षात ठेवावं, की सिनेमा शेवटी त्याच्याच शेजारी, सासऱ्यांच्या सतरंजीवर बसून बघावा लागतो.