‘व इतर’मधला आमचा दिन्या

कोल्हापुरात माझ्याएवढ्या ओळखी दुसऱ्या कुणाच्या असतील तर दाखवा, मिशी उतरून देतो. आमचा दिन्या गेल्याचं मला सगळ्यात शेवटी कळलं, सलूनच्या खुर्चीत, निम्मी केसं कापून झाल्यावर... तसाच उठलो आणि स्मशानात पळालो. लोकं रडायचं थांबून माझ्या डोसक्याकडं बघाय लागली. दिन्या असता तर पहिला तोच हसला असता.

मी दुसरी नापास. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत वाळूचे साचे करायचो. नव्वदनंतरची गोष्ट. खांद्याला शबनम लावलेला मुरगूडचा एक गडी आमच्या गेटवर उभा राहायला लागला. हाच दिन्या, कॉलेजात नवा मास्तर. फौंड्रीतल्या कामगारांची छाती कशी खराब होतीय, याची पाहणी चाललेली. मालक आत सोडंना, म्हणून शिफ्ट सुटली की हा आमच्या संगट चहा पीत विचारत बसायचा. “रात्री खोकला येतो का?” मी म्हटलं, “येतोय की, पण मला न विचारता येतोय.” त्यानं ते बी लिवून घेतलं, येडं! दोन पावसाळे तसा भिजत आला. पाहणीतले बाकीचे तिघं सर मी गेटवर कधी बघितलं न्हाईत.

पाहणी छापून आली. वर चार नावं, पहिलं देसाई सरांचं, दिन्याचं शेवटी. आडनावं बाराखडीनं लावली असती तर हाच पहिला आला असता, पण नावं लावलेली खुर्चीच्या उंचीनं. पुढं दुसऱ्यांच्या पुस्तकात ह्या पाहणीचा दाखला यायला लागला. दिन्यानं एक पुस्तक दाखवाय आणलं. मी अक्षराला अक्षर लावून वाचलं, ‘देसाई व इतर’. पुढच्या पानावर आणखी कुणीतरी ‘व इतर’. त्याच्या पुढं बी तेच. मी म्हटलं, “दिन्या, हा इतर लई मोठा माणूस दिसतोय रे. सगळ्यांच्या संगट ह्यानंच काम केलंय. कुठला हा, अत्तारांपैकी का?” दिन्या इतका हसला की चहा शर्टावर सांडला. “मर्दा, तो इतर म्हंजे मीच की!” तवापासनं मी त्याला इतरराव म्हणायचो. तो बी ओ द्यायचा...

आता हसू येत न्हाय. आता डोसकं फिरतंय.

दिन्या जाऊन महिना व्हायच्या आत कळलं, त्याच पाहणीवर कॉलेज नवं पुस्तक काढणार. त्याची पोरगी सुजाता, शाळेत शिकवती, मला म्हटली, “काका, चला. आता तरी बाबांचं नाव घालायला सांगू.” देसाई सर आता रिटायर, झोपाळ्यावर बसलेले. पुस्तकाची कच्ची पानं तपासायला त्यांच्याकडंच आलेली. गोड बोलले. “अहो, लेखक जास्त असले की पहिलं नाव आणि ‘व इतर’. जगभर हीच पद्धत आहे. शेवटी संदर्भांच्या यादीत सगळी नावं येतातच.” सुजातानं शेवटची यादी उघडली. तिथं बी ‘देसाई व इतर’. सर म्हणाले, “जागा वाचवली असेल कुणीतरी.”

जागा! आमच्या गल्लीत कुणाचा वाढदिवस असला तर फ्लेक्सवर आख्खी तालीम मावती, कुत्र्यासकट. लग्नाच्या पत्रिकेत ‘मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी रांगती पोरं मावत्यात. आणि एवढ्या जाड पुस्तकात मेलेल्या माणसाला दीड बोट जागा न्हाय? मजकुरात ‘व इतर’ म्हणा, नियम असंल जगाचा. पण यादीत? मग यादी कशाला घालता, झक मारायला? गेटवर भिजलं कोण, इतर? मी सरांच्या पुढ्यात असा ओरडलो की शेजारी बाहेर आले. ओरडता ओरडता झोपाळा गुडघ्यावर बसला आणि खाली आपटलो, ते वेगळं. सर म्हणाले, “बघतो.”

कोल्हापुरात ‘बघतो’ म्हंजे काय, ते सगळ्यांस्नी ठावं हाय. म्हणून म्हटलं, त्यांनी छापू दे न्हाईतर न छापू दे, पेपरात तरी गावाला कळू दे, हा माणूस कोण होता. दिन्याच्या टेबलापाशी बसून मी बोलत गेलो, सुजाता लिवत गेली. त्याचा चष्मा अजून तिथंच हाय, काडी दोऱ्यानं बांधलेला... एवढं सांगून झालं तसा मीच खूश झालो. म्हटलं, “कसं हाणलंय? वाच बघू.” तिनं पहिल्यापासनं सगळं वाचलं आणि माझ्याकडं बघितलं.

“काका, एवढा दंगा घातलासा. सलून आलं, कुत्रं आलं, झोपाळा आला. बाबांचं पुरतं नाव कुठं हाय ह्यात? तुमी बी देसाईच. आता गप बसा, मीच लिवते. दिनकर मारुती कांबळे.”