हॉर्न वाजला की थांबायचं

माझ्या पंक्चरच्या दुकानामागं फाटक्या ट्यूबांचा ढीग आहे. टाकून द्यायचं म्हणतो, पण एखादी हातात घेतली की आठवतं, ही अमक्याची, हिच्यात बाभळीचा काटा होता, आणि तो माणूस काटा पाहून कसा बोंबलला होता. मग परत ठेवून देतो. किश्श्यांचं तसंच आहे. दुकानाच्या ओट्यावर बसणारे आम्ही चार बुढे, समोर बैलबाजाराचं मैदान, मैदानावर आमचा फुटबॉल क्लब. ढीग वाढणारच. बायको दुखरा गुडघा चोळत म्हणते, दोन्ही ढीग जाळा. ट्यूबा जाळीन एखादवेळी.

आज फक्त पल्ल्याचे किस्से सांगतो. पल्ल्या म्हणजे प्रल्हाद, भाजीवाल्या रामभाऊंचा मुलगा. चड्डी सावरता येत नव्हती तेव्हापासून आमच्या क्लबात. त्याला नागपूरच्या एका मोठ्या क्लबानं नेलं. दिवाळी झाल्यावर गेला, होळीच्या आत परत आला. मधल्या काळात पोराची हालत जास्त खराब होती की आम्हा बुढ्यांची, हे मी शपथेवर सांगणार नाही.

*

आधी मैदान समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

अमडापूरचं आमचं मैदान सपाट आहे असं वामन सर म्हणतात. वामन सर म्हणजे शाळेतले रिटायर पीटी मास्तर आणि क्लबाचे कोच. सपाट इतकं, की बॉल ठेवला तर तो आपोआप उताराला लागतो. आणि उगवतीकडच्या गोलच्या अगदी पुढून, पेनल्टी मारतात तिथून, स्टँडवर यायचा रस्ता. त्या रस्त्यानं मेहकरची एसटी येते-जाते. ड्रायव्हर रफिकभाई. ड्युटी नसली की तेही ओट्यावर.

म्हणून क्लबाचा नियम असा, की रफिकभाईंनी हॉर्न वाजवला की खेळ थांबायचा. ज्याच्यापाशी बॉल असेल त्यानं बॉलवर पाय ठेवायचा, डावीकडं बघायचं, बस जाऊ द्यायची. बस गेली की जिथल्या तिथून पुन्हा सुरू. बाहेरची टीम आली की सर टॉसच्या आधी हा नियम सांगतात. आम्ही हरत असलो की बस बरोबर टायमावर येते, असं मेहकरवाले म्हणतात. मेहकरवाल्यांचं काय ऐकता.

सरांनी हा नियम पोरांच्या हाडात घातला. नवीन पोरगं आलं की हॉर्न आधी, बॉल नंतर. मी एकदा म्हणालो, "सर, तुमी फुटबॉल शिकवून राह्यले का ट्रॅफिक?"

ते म्हणाले, "नामदेव, हुकलेला गोल उद्या मारता येते. बसखाली गेलेलं पोट्टं उद्या कुठून आणू?"

मी उठून त्यांच्या स्कूटीची हवा सोडली. हवा भरायला ते माझ्याकडंच आले.

*

पल्ल्या निघाला त्या दिवशी निम्मं गाव स्टँडवर. मेहकरला उतरून नागपूरची गाडी धरायची होती. रामभाऊंनी नागपूरच्या कोचसाठी पोतंभर वांगी आणली.

"रामभाऊ, हे वांगे खेळणार का पोरगा?" रफिकभाईंनी विचारलं.

"खाल्ल्या वांग्याले जागतीन ते," रामभाऊ म्हणाले. "पोराले एखाद दिवस जास्त खेळवतीन."

बस निघाली, रफिकभाईंनी हॉर्न दिला. मैदानावरची सगळी पोरं जागच्या जागी उभी. एकानं बॉलवर पाय ठेवला. पल्ल्यानं आयुष्यभर मैदानातून बस पाहिलेली. बसमधून मैदान त्यानं तसं कधी पाहिलंच नव्हतं. खिडकीतून मला म्हणाला, "काका, इथून आपलं मैदान लयच लहान दिसते."

मी म्हणालो, "नागपूरवरून तं दिसणारच नाही. जाय आता."

सगळे हसले. पल्ल्या हसला नाही.

*

त्याची पहिली मॅच मोबाईलवर लाइव्ह दिसणार होती. मोबाईल वामन सरांचा, टेकवला माझ्या हवेच्या पंपाला. रामभाऊ आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आले होते. मी म्हणालो, "तुमाले थोडीच उतरवतेत मैदानात." त्यांचा पाय सारखा हलत होता.

पल्ल्याला शेवटी शेवटी आत घेतलं. आल्या आल्या बॉल मिळाला. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, पुढं फक्त गोलकीपर. रामभाऊंनी माझा गुडघा आवळून धरला.

आणि तिकडं नागपुरात, स्टेडियमच्या बाहेर, कुठल्यातरी ट्रकनं हॉर्न वाजवला.

पल्ल्या थांबला. बॉलवर पाय ठेवला. डावीकडं बघितलं.

आता खरी गंमत सांगतो. ओट्यावर आम्ही चौघं, आणि चौघांनी माना डोलावल्या. सर म्हणाले, "बराबर." रफिकभाई म्हणाले, "जाने दे, जाने दे." रामभाऊंनी माझा गुडघा सोडून तंबाखूची पुडी काढली. बस जाईपर्यंत टाइम होता ना.

मग समोरच्या टीमच्या एकानं पल्ल्याच्या पायाखालून बॉल काढून नेला आणि दुसऱ्या टोकाला गोल झाला. कॅमेरा परत पल्ल्यावर आला तेव्हा तो अजून डावीकडंच बघत होता.

सरांनी मोबाईल पालथा घातला. म्हणाले, "नेटवर्क गेलं."

पालथ्या मोबाईलमधून लोकांचं हसणं मस्त क्लिअर ऐकू येत होतं.

*

त्यानंतर पल्ल्या काही मैदानात दिसेना. मॅच लागायची, आम्ही पंपाला मोबाईल टेकवायचो, आणि तो बाजूच्या बाकावर जॅकेट घालून बसलेला दिसायचा. कधी तर तेवढाही नाही. बाजारात लोक रामभाऊंना विचारायला लागले, पोरगा खेळून काऊन नाही राह्यला?

रामभाऊ मेथीवर पाणी शिंपडत सांगायचे, "चांगला माल कोणी वर ठेवते का? खाली झाकून ठेवतेत. मोठ्या गिऱ्हाइकासाठी."

एक बाई म्हणाली, "मंग मले काऊन वरची जुडी देऊन राह्यले, भाऊ?"

रामभाऊंनी मुकाट्यानं खालची काढून दिली.

शेवटी त्यांच्यानं राहवेना. भाकरी बांधून स्वतः नागपूरला गेले. परत आले तर ओट्यावर बसून नुसतं गवताचं कौतुक. गवत असं, गवत तसं, गालिचा झक मारतो.

"अन् पल्ल्या?" मी विचारलं.

"तो गवताच्या बाजूले बसते," रामभाऊ म्हणाले. मग तंबाखू मळायला घेतली. "नामा, त्या गवतावर बैल सोडावं वाटलं मले."



*

मला आवाज बदलता येतात. तहसीलदार, जावई, डेपो मॅनेजर, सगळे येतात. पोराचं मन रमवावं म्हणून नव्या नंबरवरून फोन लावला, तोंडावर ओला रुमाल धरला, आणि म्हणालो, "नमस्कार, मी मुंबईच्या पेपरमधून बोलतोय. आपली मुलाखत हवी होती."

तिकडून पल्ल्या म्हणाला, "साहेब, छापणार नाही ना?"

"अजिबात नाही."

"इथं सगळे चांगले हायेत साहेब. चुकलं तं 'नो प्रॉब्लेम' म्हणतेत. आमच्याकडं चुकलं तं ओट्यावरून चार बुढे बोंबलतेत, माय-बापाचा उद्धार करतेत. इथं कोणी काहीच म्हणत नाही. मी हाये का नाही, तेच समजत नाही मले. अन् रस्त्यानं गाडी वाजली का पाय आपोआप थांबते. आता तं गाडी वाजायच्या आधीच थांबते, वाजंल का काय म्हणून. बॉल आला का मी पहिले कान देतो साहेब, मंग पाय. मले वापस जायचं हाये. पण तिथं बी पाय असाच थांबला तं मंग कुठं जाऊ?"

माझा रुमाल केव्हाच खाली आला होता. तरी पेपरवाल्याच्याच आवाजात म्हणालो, "धीर सोडू नका. होईल सगळं व्यवस्थित."

"बरं साहेब," पल्ल्या म्हणाला. "अन् काकूचा गुडघा कसा हाये आता?"

*

एका दुपारी पोरं खेळत होती आणि बस आली. हॉर्न नाही. रफिकभाई आणि हॉर्न नाही, म्हणजे कोणी गेलं की काय, असं वाटून आम्ही ओट्यावरून उठून उभे राहिलो. हॉर्न नाही म्हणून पोरं थांबली नाहीत. बस बैलगाडीच्या चालीनं पोरांच्या मधून वाट काढत गेली. बॉल एकदा पत्र्यावर आपटला, तरी रफिकभाई शब्दानं बोलले नाहीत.

स्टँडवर सगळे उतरले. सगळ्यात शेवटी तोंडाला दुपट्टा बांधलेला एक जण उतरला, आणि मैदानाकडं पाठ करून मागच्या गल्लीनं रामभाऊंच्या घराकडं गेला.

"मान खाली घालून बसला होता," रफिकभाई नंतर म्हणाले. "म्हने, चाचा, मैदानापाशी हॉर्न नका वाजवू. पोट्टे थांबतीन, अन् सगळे बसकडं पाहतीन."

*

आता गावाला एकच घोर. पल्ल्या परत खेळतो की नाही.

तो घराबाहेर निघेना. रामभाऊंच्या मळ्यात वांगी तोडायचा, आणि रस्त्यानं ट्रॅक्टर वाजला की हातातलं वांगं तसंच धरून उभा. मी जाऊन चिडवून पाहिलं. "काय बे नागपूरकर, आता आमच्याशी हिंदीत बोलशीन का?" नुसता हसला. पल्ल्या मला उलट बोलत नाही म्हणजे प्रकरण सिरियस.

होळीच्या टुर्नामेंटला आमची मॅच मेहकरशी लागली. सर पल्ल्याच्या घरी गेले, समजावलं नाही, लेक्चर दिलं नाही. एवढंच म्हणाले, "आपल्या क्लबाची जर्सी धुवाले टाकू नको. अशीच घालून ये."

तो आला. सरांनी हाफ टाइमनंतर त्याला आत पाठवलं. रामभाऊ ओट्यावर न बसता दुकानामागं, माझ्या ट्यूबांच्या ढिगाऱ्यावर जाऊन बसले. म्हणाले, "मी पाहत नाही. काय होते ते सांग."

*

बरोबरीत चाललं होतं. पल्ल्या धावत होता, पण बॉल आला की लगेच दुसऱ्याला देऊन मोकळा. मेहकरच्या पोरांना ते कळलं. त्यांनी तोंडानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. पल्ल्याचे कान लाल.

मग एकदा बॉल त्याच्याकडं आला आणि द्यायला जवळ कोणीच नव्हतं. तो एकटाच निघाला, उगवतीच्या गोलकडं. एकाला चकवलं. दुसरा उतारावर घसरून पडला. पुढं फक्त गोलकीपर.

आणि फाट्याकडून बस आली.

मी ओट्यावर उभा राहिलो. मागून रामभाऊ म्हणाले, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." आता रफिकभाई हॉर्न देणार, आणि या पोराचं मैदान कायमचं सुटणार, हे मला समोर दिसत होतं.

हॉर्न वाजला नाही. बस मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली, आणि रफिकभाईंनी इंजिन बंद केलं.

पल्ल्यानं बस पाहिली. बॉलवर पाय ठेवला. डावीकडं बघितलं. त्याच्या मागं आमची पोरं थांबली, मेहकरची थांबली. शिट्टी तोंडात धरून रेफरीसुद्धा थांबला.

रफिकभाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला. "जाय तू."

"तुमी जा चाचा."

"मले काही घाई नाही. तू जाय."

"नाही, तुमी जा पहिले."

बसमधली एक बाई म्हणाली, "कोणी तरी जा ना बाप्पा."

रफिकभाईंनी चावी काढली, खिशात टाकली, खाली उतरले, आणि शांतपणे चालत येऊन माझ्या शेजारी ओट्यावर बसले. मागं वळून रामभाऊंना म्हणाले, "तंबाखू हाये का?"

पल्ल्यानं अजून एकदा डावीकडं बघितलं. बसमध्ये ड्रायव्हरची सीट रिकामी होती.

मग त्यानं बॉल मारला. मेहकरचा गोलकीपर अजून बसकडंच बघत होता.

जो काही गोंधळ झाला तो झाला. मेहकरवाले सरांच्या अंगावर धावून आले, की तुमचाच नियम हाये थांबायचा. सर म्हणाले, "नियम हॉर्नचा हाये. हॉर्न कोणी ऐकला?" रेफरीनं सगळ्यांना विचारलं. कोणीच ऐकला नव्हता. रामभाऊ ट्यूबांच्या ढिगाऱ्यातून ओरडत होते, "अरे काय झालं ते सांग ना कोणी," आणि पल्ल्या, कितीतरी दिवसांनी, मला उलट बोलला. "काका, तोंड बंद करा, माशी जाईन."

बस मेहकरला चांगलीच उशिरा पोचली. डेपोतल्या साहेबांनी विचारलं, रस्त्यात काही झालं का?

रफिकभाई म्हणाले, "काही नाही साहेब. समोरून पल्ल्या येऊन राह्यला होता. साइड दिली."