काशीबाईंचे अळणी ताट

धैर्य आणि धृती हे दोन शब्द आपण बहुधा एकाच अर्थाने वापरतो. परंतु ज्यांनी ते घडवले त्यांच्या मनात त्यांची प्रयोजने निराळी असावीत. धैर्य प्रसंगाला धावून जाते. आग लागली, पूर आला, की ते क्षणात प्रकट होते, आणि प्रसंग सरला की विसावते. धृतीला काळ लागतो. ‘धृ’ म्हणजे धरणे. एकदा हाती धरलेले, हात भरून आले तरी आणि पाहणारे हसत असले तरी, न सोडणे. भूमीला आपण धरित्री म्हणतो ते याच धातूवरून, आणि गर्भाचे धारण होते तेही याच धातूने. ज्या पूर्वजांनी भूमी, गर्भ आणि मनोनिग्रह या तिघांना एका धातूच्या पोटी घातले, त्यांनी खाडीकाठच्या खारेपाटातील एखादी काशीबाई पाहिली असावी असे मला वाटत आले आहे.

पेणच्या पश्चिमेला, जिथे शेत कुठे संपते आणि खाडी कुठे सुरू होते हे केवळ बांधामुळे कळते, तिथे काशीबाईंचे घर होते. त्यांचा सारा जन्म मिठागरात गेला. ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरी पुंडलिक हा एकुलता मुलगा. तेव्हापासून पौष ते वैशाख त्या घोटाभर खाऱ्या पाण्यात उभ्या राहून लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढीत आल्या. पावलांना भेगा पडत, भेगांत मीठ जाई, आणि त्या म्हणत, “मीठ मना खातंय, मी मिठाला खातेय.” जिभेवर एक खडा ठेवून तो कोणत्या वाफ्यातला हे त्या सांगत. त्यांच्या हातच्या आमटीचे नाव पलीकडच्या गावापर्यंत होते. घरात अळणी अन्न शिजे ते केवळ सुतकात.

एकोणीसशे चौऱ्याण्णव साली रोह्याची जनी या घरात सून होऊन नांदत होती. पुंडलिक नागोठण्याकडच्या कंपनीत कंत्राटावर शिफ्ट करी, आणि सासू-सुना मिठागरात जात. पोर हसरी, पण बांध चढताना मध्येच थांबणारी. दिवस राहिले तेव्हा ती अधिकच थांबू लागली. पाचवा सरला आणि तिला दाराच्या उंबऱ्यात वाऱ्याला बसल्यावाचून चैन पडेना.

“पयल्या खेपंला अशीच धाप लागते गो,” शेजारची चंद्रावती म्हणाली. “पोटातला वारा मागतोय. खलाशी व्हनार बघ!”

“मागूं दे की,” काशीबाई हसल्या. “वारा फुकट हाय.”

त्यांनाही ते डोहाळेच वाटले. स्वतःच्या वेळी त्याही बांध चढताना धापा टाकीत होत्या. गर्भारपणात दम लागतो हे कोणत्या बाईला ठाऊक नसते? पण एके पहाटे त्या उठल्या तर जनी मिठाच्या पोत्यांना पाठ टेकून बसल्या बसल्या झोपलेली. पाय सुजलेले, ओठ कोरडे, आणि श्वासाबरोबर छातीतून बारीक घरघर.

“आडवी का नाय होत गो?”

“आडवी झाली का बुडल्यावानी वाटतं, आये. छातीला कोनी दोरखंड आवललाय असं.”

खाडीकाठी बुडण्याचा शब्द कोणी सहज उच्चारत नाही. काशीबाईंनी त्या दिवशी फळी उचलली नाही. मिळेल त्या वाहनाने त्यांनी सुनेला पेणला, रामवाडीत डॉक्टर सुनीतीबाईंच्या दवाखान्यात नेले.

सुनीतीबाई शिक्षकांच्या घराण्यातल्या. बोलणे थोडे, ऐकणे फार. जनीच्या छातीवर आणि पाठीवर नळी ठेवून त्या पुष्कळ वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता का तुला?”

“व्हय. मायेरी असताना. आदी गुडघं, मंग कोपरं. शाला सुटली ती सुटलीच.”

“त्या तापाने हृदयाची एक झडप आवळून गेली आहे. दम थोडाफार सगळ्याच गर्भारणींना लागतो, त्यात घाबरण्यासारखं नसतं. पण आडवं झाल्यावर गुदमरणं, खोकत जाग येणं, छाती आवळणं, हे त्यातलं नाही. आता पोटात बाळ आहे, म्हणून अंगातलं रक्त वाढलंय. ते त्या अरुंद झडपेतून पुरतं पुढे जात नाही, आणि मागे फुप्फुसात पाणी साचतं.”

काशीबाई म्हणाल्या, “म्हंजे उघाडी अडकलेय.”

खाडीच्या बांधाला जो दरवाजा असतो, ज्यातून शेतातले पाणी ओहोटीला बाहेर जाते, त्याला तिकडे उघाडी म्हणतात. ती अडकली की मागचे शेत तुंबते.

“अगदी तसंच,” सुनीतीबाई म्हणाल्या. “म्हणून हिने काम करायचं नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत, बाळंतपणाला रोह्याला जायचं नाही. मी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात चिठ्ठी देते, तिथले डॉक्टर सांगतील तसं करायचं, बाळंतपणही तिथेच. आणि मीठ बंद. सुकी मासळी, लोणचं, पापड, सगळं बंद. हे सगळ्या गर्भारणींना नाही सांगत मी; हिला सांगतेय. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं.”

“मीठ?” घरातल्या माणसावर कोणी आळ घ्यावा तसा काशीबाईंचा स्वर झाला.

मुंबईची तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या, जनी घरी बसली. मीठही बंद झाले, परंतु मनापासून नव्हे. घरात काशीबाईंसाठी आणि पुंडलिकसाठी खारी आमटी शिजे, आणि जनीपुढे निराळ्या टोपातले बेचव कालवण येई. चार घास खाऊन ती ताट सरकवी. अशात तिला डोहाळा लागला तो नेमका भाजलेल्या सुकटीचा, खारट सुक्या मासळीचा. भिंतीपलीकडे चंद्रावतीच्या चुलीवर सुकट भाजली की हिचे डोळे भरून येत.

“एक डाव दे गो आये. वासानं जीव जातोय.”

आपल्या जुन्या वैद्यकाने गर्भिणीला दौहृदिनी म्हटले आहे, दोन हृदयांची. तिची इच्छा ही आतल्या दुसऱ्या हृदयाची इच्छा, आणि ती मोडली तर गर्भाला व्यंग येते, ही समजूत शास्त्रातून घरोघरच्या चुलीपर्यंत केव्हा पोचली कोण जाणे. काशीबाईंनी शास्त्र वाचले नव्हते, पण समजूत हाडीमासी खिळलेली होती. एकीकडे डॉक्टरीण, दुसरीकडे नातवंडाची मागणी. त्यांनी एकदा सुकट भाजून दिली. जनीने इतक्या दिवसांत प्रथमच भाकरी पोटभर खाल्ली, आणि त्या समाधानाला भुलून मग रोजच देऊ लागल्या.

आठवडा सरतो न सरतो तोच, भर दुपारी, जनीचा श्वास अडकला. खोकताना तोंडाशी गुलाबी फेस आला, ओठ निळसर पडले. पुंडलिक शिफ्टला गेलेला. बांधावर मीठ भरायला ट्रक उभा होता. काशीबाई धावत त्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“मीठ मागनं भर! आदी माझी सून!”

ट्रकच्या हौद्यात पोत्यांवर त्या बसल्या आणि जनीला स्वतःच्या पाठीला पाठ लावून ताठ बसवले. आडवी झाली की ती बुडते, एवढेच त्यांना ठाऊक होते. खडखडत्या रस्त्यावर पाठीमागच्या पाठीचा प्रत्येक श्वास त्यांना आपल्या बरगड्यांत जाणवत होता; तो थांबे, तेव्हा त्या स्वतःचाही रोखून धरीत.

पेणला प्राणवायू लागला, इंजेक्शने झाली, लघवीवाटे पाणी उतरले, आणि दिवेलागणीला जनी बोलू लागली.

“काय खाल्लं होतं?” सुनीतीबाईंनी विचारले.

“मीच मागितली सुकट,” जनी म्हणाली.

“मागनार तीच,” काशीबाई म्हणाल्या. “देनारी मी.”

सुनीतीबाई रागावल्या नाहीत. “बाळाचे ठोके नीट आहेत. पण जून उजाडेपर्यंत हिला कळ काढायची आहे, काशीबाई. पुन्हा असं झालं तर दोघांपैकी कोण राहील ते मी सांगू शकत नाही.”

“काढंल कल. पन एकटीनं नाय काढायची.”

घरी परतल्यावर काशीबाईंनी मिठाचा रांजण फडक्याने बांधून पडवीत ठेवला, सुकटीची टोपली चंद्रावतीच्या दारात नेऊन दिली, आणि चुलीवर एकच टोप चढवला.

“मी पन?” पुंडलिकने विचारले.

“तू कँटीनमधी खा तुझं मीठ. घरात नाय.”

पहिला घास तोंडात घालून त्या थांबल्या. “चिखल चावल्यावानी लागतंय गो!” जनीला हसू फुटले, हसण्याने खोकला आला, आणि खोकल्यातूनही ती हसत राहिली. दुसऱ्या दिवशी कालवणात कैरी पडली, मग लसूण, हिरवी मिरची, आमसूल. ज्या हाताला एकाच चवीचा अभिमान होता तो हात म्हातारपणी नव्याने शिकू लागला. जनीचे ताट रिकामे होऊ लागले.

मिठागरात मात्र थट्टेला ऊत आला. “मिठागरवाली अलनी जेवते!” चंद्रावती म्हणे. “उद्या कोली मासं सोडंल.”

“सोडंल की, त्याच्या सुनेच्या जिवावर आलं तर.”

एकदा उन्हात त्यांना भोवळ आली, पोटऱ्यांत गोळे आले. सुनीतीबाईंना कळले तेव्हा त्या स्पष्टच बोलल्या, “उन्हात घाम गाळणाऱ्याला मीठ लागतं. तुम्ही पडलात तर जनीकडे कोण बघणार?” काशीबाईंनी ते मानले. कामावर त्या तांब्याभर पाण्यात मिठाची चिमूट टाकून, औषध प्यावे तशा डोळे मिटून पीत. पण घराचा उंबरा ओलांडून आत आल्यावर जिभेला खडा लागू दिला नाही.

सातव्यात जनीचे वडील गुणाजी रोह्याहून गाडीने आले. पहिले बाळंतपण माहेरी. त्यांच्या पिशवीत लेकीसाठी वाल होते, सुके बोंबील होते, आणि मनात तिला घेऊन जायचे होते. प्रवास बंद हे कळल्यावर ते घुश्श्यातच पाटावर बसले. जनीच्या ताटातले कालवण बोटाने चाखले, आणि बोट तसेच हवेत राहिले.

“विहीनबाय, माझी लेक काय सुतकी हाय? मिठाच्या राशी दारात, न पोटुशी पोर अलनी? न्यायची नाय म्हनता, न खायला बी देत नाय?”

“आबा, डॉक्टरनं—” जनी बोलू लागली.

“तू गप गो, तुना धाप लागंल,” काशीबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतःचे अर्धे खाल्लेले ताट उचलले आणि व्याह्यांपुढे ठेवले. “व्याही, उष्टं हाय. पन एक घास खा.”

गुणाजींनी एकवार त्यांच्याकडे पाहिले, आणि खाल्ला. सावकाश चावला. मग दुसऱ्या टोपाचा शोध घ्यावा तशी चुलीकडे नजर टाकली. तिथे दुसरा टोप नव्हता.

“कवापासनं?”

“हिला टरकातनं नेली तवापासनं. मना वाटलं डोहालं पुरवते. पोर मरत होती. आता ही मीठ खाईल तवा मी खाईन.”

गुणाजींचा आवाज उतरला. “गुडघं सुजलं तवा मी पाला बांदला हो हिला. कुनाला ठाव, ताप कालजात शिरतोय?”

“कुनालाच ठाव नव्हतं. जेवा आता. बोंबील तेवढं परत न्या, घरात वास बी नको.”

त्या दिवशी रोह्याचे व्याही अळणी जेवले, आणि निघताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवून, तिला तिथेच ठेवून गेले.

ठरल्या वेळी जनीला मुंबईला हलवले. उशांच्या आधाराने बसवूनच तिचे बाळंतपण झाले, मुलगी झाली. खरी भीती त्यानंतरच्या तासांची असते, कारण तेव्हा रक्त एकाएकी हृदयाकडे परतते, असे तिथल्या डॉक्टरांनी आधीच बजावले होते. काशीबाई दाराबाहेर भिंतीला पाठ लावून ताठ बसून राहिल्या, जणू भिंतीपलीकडे अजून ती पाठ टेकलेली होती. दुसऱ्या दिवशी आत सोडले तेव्हा जनीने डोळे उघडून विचारले, “आये, जेवलीस कं?”

“जेवले.”

“कसं?”

“तुज्यासारखं.”

पुढच्या हिवाळ्यात त्याच इस्पितळात, मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन, जनीची झडप रुंद करण्यात आली. सुनीतीबाईंनी बेताने मीठ घ्यायला परवानगी दिली. पडवीतल्या रांजणाचे फडके काशीबाईंनी स्वतः सोडले, चिमटीत मीठ घेतले आणि आधी सुनेच्या ताटात ठेवले, मग आपल्या. दोघी जेवल्या. “खारट झालंय,” काशीबाई म्हणाल्या, आणि पुन्हा त्यांनी आपल्या ताटात मीठ कधी वाढून घेतले नाही.

त्या जाऊन आता बरीच वर्षे झाली. जनी आहे. मुलगी भाविका आहे. त्या घरात आजही कालवण अळणीच शिजते, मीठ एका वाटीत निराळे ठेवलेले असते, आणि ज्याला हवे तो आपल्या हाताने घेतो.