फाटकाबाहेरचा पावरीवाला

नाशिकरोडला उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. सामान म्हणजे एक खांद्यावरची पिशवी. जुन्या सीबीएस बसस्थानकावरून पेठची एसटी पकडली आणि खिडकीजवळ बसलो. सत्तावीस वर्षांपूर्वी याच रस्त्याने गेलो होतो, तेव्हा मांडीवर टेपरेकॉर्डर होता आणि संगीतकार म्हणून नावावर एकही काम नव्हतं.

नंतर पुष्कळ झाली. मालिकांची शीर्षकगीतं केली, काही सिनेमांचं पार्श्वसंगीत केलं. सुरुवात झाली ती एका धुनेने. ती चिंतामणदादांची. पेठच्या पुढे एका पाड्यावर ते पावरी (भोपळा, बांबू आणि बैलाचं शिंग जोडून केलेलं, फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवत. मी त्यांचं वादन टेप केलं, स्टुडिओचा पत्ता कागदावर लिहून दिला आणि म्हणालो, ध्वनिमुद्रणाला तुम्हालाच बोलावीन. पण मालिकेच्या निर्मात्याला घाई होती. मी धून कीबोर्डवर वाजवून दाखवली, ती पसंत पडली, आणि पत्र टाकायचं राहिलं ते राहिलंच. वाट पाहून दादा आपले आपणच मुंबईला आले. फाटकावर कुणी पावरीवाला आलाय, असा वॉचमनने निरोप आणला, तेव्हा मी काचेमागे बसून त्यांचीच धून पक्की करत होतो. साहेब नाहीत म्हणून सांग, असं मी त्याला म्हणालो.

मागच्या महिन्यात एका सत्कारात ती धून कशी सुचली असं विचारलं गेलं. पहाटे सुचली, हे नेहमीचं उत्तर मी दिलं. टाळ्या पडल्या. घरी आलो आणि पेठला जायचं ठरवलं.

करंजाळीच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. सगळे खाली उतरलो. भाताची खाचरं कापून झाली होती, खळ्यांवर पेंढा रचलेला होता. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, गाठोडं घेऊन बसलेल्या एका मावशींनी कुणाकडे निघालात विचारलं. नाव सांगताच म्हणाल्या, दादांना आता दम पुरत नाही, पण डोंगऱ्या देवाच्या उत्सवाच्या वेळी त्यांना मानाने बसवतात.

पेठहून जीपने पाड्यावर पोचलो. दादा अंगणात उन्हाला बसले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं, याचंच मला वाईट वाटलं. सून सुमनने नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि खुरासणीची चटणी वाढली. जेवताना दादा मुंबईची गोष्ट सांगू लागले. वॉचमन भला माणूस होता, त्याने चहा पाजला, सावलीत बसवलं. त्या दिवशी माझं नशीब नव्हतं, असं ते हसत म्हणाले.

"तुमी तेव्हा गावाला गेलेले ना, सायेब? चुकामूक झाली आपली."

हो म्हणालो असतो, तर सगळं गोडीत संपलं असतं. भाकरी ताटात ठेवली.

"नाही दादा. मी आतच होतो. तुम्ही आलात हे मला कळलं होतं."

सुमनने भांड्यात पाणी ओतलं आणि ती आत निघून गेली. मी माफी मागितली, यापुढे प्रत्येक ठिकाणी तुमचं नाव सांगेन असंही म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण ते ऐकत होते असं वाटलं नाही. मग म्हणाले,

"टीव्हीवर वाजायचं तवा लोक हसायचे, म्हणायचे, तुझं चोरलं. मी भांडायचो. म्हणायचो, सायेब भेटलेच नाय, नायतर असं झालं नसतं. आता काय सांगू त्यांना?"

दादा भिंतीला धरून उठले आणि बैलाला पाणी पाजायला गेले. मी निघालो तेव्हा सुमन तेवढी दारात आली. म्हणाली, तुमच्याबद्दल ते लय चांगलं बोलायचे.

परतीच्या गाडीत कसारा घाट उतरताना मी सत्काराच्या आयोजकांना पत्र लिहिलं, खरं काय ते कळवलं. ते जाहीर करतील किंवा न करतील. माझ्या मनावरचं ओझं उतरवायला मी त्या पाड्यावर गेलो होतो. सत्तावीस वर्षं त्या माणसाने माझी बाजू घेतली होती, आणि ती घ्यायला त्याच्याजवळ जे एकच कारण होतं, ते मी काढून घेऊन आलो.